सुडाचा सुळा आणि सासऱ्यांची कवळी

मी लग्नाचं शूटिंग करतो. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, साहेबांचा निरोपसमारंभ, आणि एकदा लासूर स्टेशनच्या एका आडत्याच्या म्हशीचा वाढदिवस. म्हैस सोडली तर बाकी सगळ्यांनी नंतर तक्रार केली, की आम्ही यात जाड दिसतोय. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, साडीच्या दुकानावर माझी खोली आहे. जिना इतका अरुंद की नवरा-नवरी अल्बम बघायला आले तर एकामागं एक चढावं लागतं. पुढं कोण चढतं त्यावरून त्या संसारात पुढं काय होणार ते मला तिथंच कळतं.

अशा माणसानं व्हॅम्पायरचा सिनेमा काढू नये. मी काढला. तुम्ही तो पाहिला नसेल. ज्यांनी पाहिला त्यांच्यातले बरेच जण माझ्याशी अजून बोलतात, याचं मला कौतुक वाटतं.

दोष पितृपक्षाचा. त्या पंधरवड्यात कुणी लग्न करत नाही, बारसं करत नाही, नवी गाडीसुद्धा घेत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसानं तेवढे दिवस लेन्स पुसाव्यात आणि जुने हिशेब बघावेत. मी कॉम्प्युटरवर परदेशी भुतांचे सिनेमे बघत बसलो. ही भुतं काय टापटीप असतात. कोट काय, मागं वळवलेले केस काय, बोलणं काय. आपलं भूत म्हणजे पिंपळावरचा मुंजा, नाहीतर विहिरीतली बाई. दोघांच्याही कपड्यांकडं कुणी कधी लक्ष दिलेलं नाही. म्हटलं, आपल्या मातीतला एक व्हॅम्पायर झालाच पाहिजे.

गोष्ट मी दोन बैठकींत लिहून काढली. तीनशे वर्षांपूर्वी एका देशमुखाच्या पदरी एक मानी कारकून असतो. त्याची एकुलती एक मुलगी. तिला एक शेतकऱ्याचा पोरगा घोड्यावर घालून पळवून नेतो. कारकून दुःखानं लेण्यात जाऊन बसतो, तिथं त्याला वटवाघूळ चावतं, आणि तो रक्तपिशाच होतो. मग तीनशे वर्षांनी उठून, त्या पोराच्या वंशातला कुणीतरी गंगापूर तालुक्यात ऊस लावून बसलेला असतो, त्याचा सूड घ्यायला निघतो. नाव ठेवलं 'सुडाचा सुळा'.

बायकोनं ती कागदं गॅसपाशी उभ्या उभ्या वाचली. वरणाला फोडणी देऊन झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, “हे तू मुद्दाम लिहिलंस का?”

“काय?”

“मानी कारकून. एकुलती मुलगी. शेतकऱ्याचा पोरगा.”

शपथेवर सांगतो, तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मला सुचलंय.

माझे सासरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घरात तीन पिढ्या लेखणीच्या, त्याआधीच्या पोथीच्या. आमच्या घरात सगळ्या पिढ्या उसाच्या आणि कापसाच्या. त्यांच्या मुलीनं आणि मी परस्पर ठरवून टाकलं, आणि ठरल्यावर त्यांना सांगितलं. घोडा नव्हता, माझी जुनी मोटारसायकल होती, एवढाच काय तो फरक. त्यांनी आरडाओरडा केला नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले. फक्त मला उद्देशून बोलणं बंद ठेवलं. बंद केलं असं म्हणता येत नाही, कारण ते कधी सुरूच झालं नव्हतं.

त्यांची अडचणही खरी होती. अरे म्हणावं तर मी जावई. अहो म्हणावं तर मान दिल्यासारखं होतं. आणि जावईबापू म्हणावं तर लग्नच मंजूर केल्यासारखं. म्हणून त्यांनी एक सरकारी वाट काढली: कर्मणी प्रयोग. मी त्यांच्याकडं गेलो की ते भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारायचे, “चहा घेतला जाईल का?” उकडलं तर म्हणायचे, “पंखा लावला गेला तर बरं होईल.” मी उठून लावायचो. यापेक्षा गुंतागुंतीचं काही असलं तर ते मुलीच्या मार्फत यायचं. “त्यांना विचार, गाडीची हवा तपासली आहे का.” मी हातभर अंतरावर बसलेला असायचो. बायको माझ्याकडं वळून म्हणायची, “गाडीची हवा तपासलीस का?” मी तिला सांगायचो, ती त्यांना सांगायची. बिचारीचं लग्न होऊन पोस्ट ऑफिस झालं होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडं तोंड करून मला काहीतरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. शिवीसुद्धा चालली असती.

आता सिनेमाकडं वळू. मी मित्रांची, मावसभावांची, गल्लीतल्या दुकानदारांची परीक्षा घेतली आणि एक भयंकर गोष्ट उघड झाली. या शहरातल्या माणसांना मीच बिघडवून ठेवलंय. इतकी वर्षं मी त्यांना लग्नांत ओरडून सांगत आलोय, इकडं बघा, हसा, काकू जरा मान वर. त्यामुळं कॅमेरा लावला की समोरचा माणूस आपोआप त्यात बघतो आणि हसतो. एका मित्राचा गळा आवळायचा प्रसंग घेतला. तो मरता मरता लेन्सकडं वळला, केस नीट केले, आणि छान हसून मेला.

बायको बाजूला बसून बघत होती. म्हणाली, “कॅमेऱ्याकडं न बघणारा एकच माणूस आहे आपल्या ओळखीत.”

मी आमच्या लग्नाची फिल्म काढून बघितली. ती मीच काढलेली आहे, स्टँडवर कॅमेरा ठेवून. स्वतःच्या लग्नात दुसऱ्याला काम देणं मला जमलं नाही. त्यात सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडं बघून हात हलवतंय, आणि प्रत्येक फ्रेमच्या कडेला, खांबापाशी, सासरे उभे. उंच, गोरे, गालफडं बसलेली, नजर कुठंतरी लांब. एकदाही कॅमेऱ्याकडं बघितलेलं नाही. लग्नातले सासरे म्हणून ते दृश्य वाईट आहे. व्हॅम्पायर म्हणून तोड नाही.

बायकोनं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, संहिता पाठवली जावी. पाठवली. ती परत आली तेव्हा लाल शाईनं भरली होती. मी सगळीकडं 'पिशाच' लिहिलं होतं, ते प्रत्येक ठिकाणी 'पिशाच्च' केलेलं. ऱ्हस्व-दीर्घाचा तर नुसता सडा. कथेबद्दल एकच शेरा होता, समासात: “कारकून असा उठून लेण्यात जाणार नाही. आधी रजेचा अर्ज देईल.” बाकी काही हरकत नव्हती. मुलगी पळवल्याबद्दलही नाही. मी रजेच्या अर्जाचा प्रसंग वाढवला.

मग दात. सासऱ्यांना कवळी आहे, आणि नवी कवळी बिघडवायला ते तयार नव्हते. जुनी एक कपाटात पडून होती, तिला आमच्या ओळखीच्या दंतवैद्यांनी दोन लांब सुळे बसवून दिले. काम इतकं झकास झालं, की पाण्याच्या वाटीत ठेवलेली ती कवळी बघून त्यांच्या घरच्या धुणंवालीनं दोन दिवस मोरीकडं पाऊल टाकलं नाही. सासऱ्यांनी मुलीला सांगितलं, जुनी कवळी ढिली झाली आहे म्हणूनच बदलली होती, तेव्हा चिकटवायची पावडर आणली जावी. मुलीनं मला सांगितलं. मी त्या वेळी कानाला हेडफोन लावून एका बारशाला पाळण्याचं गाणं जोडत होतो. मी मान हलवली. मान हलवणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे. नवरीची आई काहीही म्हणाली तरी आम्ही मान हलवतो.

झग्याची सोय सोपी होती. आपल्याकडं हायकोर्टाचं खंडपीठ असल्यामुळं गावात काळे गाऊन भरपूर. ज्याच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं अशा एका वकिलानं जुना गाऊन दिला. आतून लाल अस्तर लावायला तो गुलमंडीतल्या शिंप्याकडं नेला. त्यानं उलटून पालटून बघितला. “भाई, ये वकील का है के बँडवाले का?”

मी म्हटलं, भूत का.

“फिर जेब डालूं के नक्को?”

खिसा ठेवायला सांगितला. व्हॅम्पायरला बीपीच्या गोळ्या ठेवायला जागा लागणार होती.

शूटिंग आमच्या शेतावर, गंगापूरच्या अलीकडं. ऊस डोक्याच्या वर गेला होता, मोटारीला पाणी होतं, आणि जागा फुकट. लग्नापासून सासऱ्यांनी त्या शेतात पाऊल ठेवलं नव्हतं. ते मागच्या सीटवर, इस्त्री केलेला गाऊन मांडीवर घेऊन, वाटेतली गावं वाचत बसले होते. फाट्यावर आमचे वडील डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे. “या इवाई,” ते म्हणाले. “कव्हाची वाट पाहतोय.” सासऱ्यांनी नमस्कार केला, व्यवस्थित, दोन्ही हात जोडून. वडिलांशी ते बोलायचे. भांडण फक्त माझ्याशी होतं.

वडिलांनी मला विहिरीपाशी बाजूला घेतलं. “हे काय होणार म्हणला? खवीस?”

“खवीस नाय. व्हॅम्पायर.”

“म्हंजी काय करतो त्यो?”

“रक्त पितो लोकायचं.”

“तसे तर आपल्याकडं लई हायेत.” थोडा विचार करून म्हणाले, “अन् पितृपक्षात आणला व्हय त्याला. दुसरा म्हैना नाय घावला तुला.”

सिनेमात सगळी रात्र. प्रत्यक्षात सगळा दिवस, कारण आमचा व्हॅम्पायर बीपीची गोळी घेऊन नऊला झोपतो. मी ठरवलं होतं की भर उन्हात शूटिंग करायचं आणि नंतर धुण्याला देतात तशी चित्राला नीळ द्यायची. उन्हानं जळून मरणारं भूत भादव्याच्या उन्हात, काळा झगा घालून, उसातून बाहेर आलं. त्याची सावली त्याच्यापुढं दोन हात. मागून एसटीचा भोंगा. मी म्हटलं, वा.

पण ते उसातून बाहेर आले ते नेमके शेजारच्या वावराच्या बाजूला. तिथं पाणी धरणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काळा गाऊन बघितला, फावडं टाकलं, आणि पळत आला. पळून जायला नाही. “रामराम वकीलसाहेब,” तो म्हणाला. “आमच्या बांधाचं जरा इचारायचं व्हतं.”

सासऱ्यांनी पटकन तोंडावर रुमाल धरला. सुळे झाकून त्यांनी विचारलं, गट नंबर काय. झालं. उभी हयात तहसिलात गेलेला माणूस. ते बांधावर टेकले, मोजणीचा अर्ज कुणाकडं करायचा, हरकत कशी घ्यायची, सगळं रुमालाआडून समजावून सांगायला लागले. त्या शेतकऱ्यानं हाळी देऊन आणखी दोघांना बोलावलं. त्यांचे त्यांचे बांध. मी कॅमेरा लावून उभा. ऊन डोक्यावर यायला लागलं, म्हणजे आमची निम्मी रात्र सरत आली. मी बायकोला म्हटलं, त्यांना सांग की चला. ती म्हणाली, तूच सांग. मी सांगितलं नाही.

जेवणानंतर शवपेटीचा प्रसंग घेतला. शवपेटी म्हणजे वडिलांची गहू ठेवायची जुनी लाकडी पेटी. त्यात सासरे लांब पसरले, हात छातीवर, डोळे मिटलेले. रक्ताला मी काकवी वापरली होती, घरच्या उसाची, लाल रंग घालून. दिसायला अगदी रक्त, दाट, हनुवटीवर छान ओघळत होतं. काकवीला मुंग्या लागतात हे मला ठाऊक होतं. पितृपक्षात कावळे माणसांवर टपून असतात, हे मी विसरलो होतो.

पत्र्यावरून एक कावळा उतरला, पेटीच्या कडेवर बसला, मान वाकडी करून बघितलं, आणि माझ्या सासऱ्यांच्या हनुवटीवर टोच मारून उडून गेला.

सगळे गार. पिंडाला कावळा शिवतो तेव्हा काय समजतात ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या मागून वडिलांचा आवाज आला, “घ्या. शिवला. काही इच्छा ऱ्हायली नाय म्हणायची इवाईची.”

मला वाटलं, आता सगळं संपलं. सिनेमा, संसार, सगळं. तेवढ्यात पेटीतला काळा झगा पोटापाशी हलायला लागला. डोळे मिटलेलेच, ओठ घट्ट, पण पोट गदागदा. सासरे हसत होते. त्यांना हसता येतं ही माहिती मला त्या दिवशी मिळाली.

कावळ्यामुळं मात्र एक नुकसान झालं. वंशज शेतकऱ्याचं काम करणारा माझा चुलतभाऊ तो प्रकार बघून म्हणाला, मला नाय जमायचं बाबा, घरी कळलं तर बायको उंबऱ्याच्या आत घेणार नाय. आणि गेला निघून. आता चावायला माणूस नाही. वडिलांनी नकार दिला, ते माळकरी. कॅमेरा धरायला माणूस होता, म्हणजे बायको; उरलो मी.

म्हणून सुडाच्या प्रसंगात, उसाच्या कडेला, गळ्याभोवती टॉवेल टाकून मी उभा राहिलो आणि समोर माझे सासरे आले. मागं बायको कॅमेरा घेऊन. बांधावर ती पक्षकार मंडळी निकालाची वाट बघावी तशी बसलेली. मला फक्त किंचाळायचं होतं. सगळी वाक्यं त्यांची. मी लिहिलेलं असं होतं: “मूर्खा! तुझ्या पूर्वजानं माझ्या काळजाचा तुकडा हिरावून नेला! आज तीनशे वर्षांची तहान भागणार!” आता हे लिहिताना माझेच कान तापतात.

सासरे माझ्याकडं बघत राहिले. सरळ, डोळ्यांत. इतकी वर्षं त्यांनी कॅलेंडर बघितलं होतं, पंखा बघितला होता. त्या नजरेची मला सवय नव्हती. वाक्य काही येईना. मला वाटलं, विसरले. मग ते हळू आवाजात म्हणाले, “एकदा विचारायचं तरी होतं.”

हे संहितेत नव्हतं.

“दारात यायचं होतं,” ते म्हणाले. “समोर उभं राहून विचारायचं होतं. नाही म्हटलं असतं कदाचित. पण विचारायचं होतं.”

मला कुणी वाक्य दिलेलं नव्हतं. मी खरं तेच बोललो. म्हटलं, “भ्यायलो.”

त्यावर त्यांनी मान हलवली, जणू अर्ज पोचला, आणि मग संहितेप्रमाणे माझे खांदे धरून गळ्याला चावले. जोरात चावले. त्यात कला किती आणि मुद्दाम किती, ते मी कधी विचारलं नाही. चावून ते सरळ झाले आणि कवळी माझ्या टॉवेलातच राहिली. सुळे धाग्यांत अडकून, दोरीवरच्या चिमट्यासारखी ती माझ्या खांद्यावर लटकत होती. चिकटवायची पावडर मी आणलीच नव्हती.

त्यांचा हात तोंडावर गेला. समोर मुलगी, बाजूला व्याही, बांधावर नुकताच सल्ला घेऊन बसलेले तीन पक्षकार. त्यांनी डोळ्यांनीच मुलीला खूण केली, पण पोस्ट ऑफिस चालू कॅमेऱ्यामागं हसून हसून वाकलं होतं, टपाल बंद. कर्मणी प्रयोग करायचा म्हटलं तर त्याला दात लागत असावेत. शेवटी ते माझ्याकडं झुकले आणि पुटपुटले, “झावईबापू, तेवढी कवळी द्या हो इकडं.”

दात नसले की 'ज'ला धार राहत नाही. पण मला ऐकू आलं. मी टॉवेलातून कवळी सोडवली आणि दोन्ही हातांनी, प्रसाद देतात तशी, त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी पाठ फिरवून ती बसवली. परत फिरले तेव्हा पुन्हा अव्वल कारकून झाले होते. परतीच्या वाटेवर, गाडीत, वाळूजच्या जरा आधी मागून आवाज आला, “पुढं वळण आहे, सांभाळा.” सांभाळलं जावं नाही. सांभाळा. मी वळण जवळजवळ चुकवलंच.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सिनेमा जोडायचा होता, आणि मी तो मला येतो तसा जोडला. मला एकच प्रकारे जोडता येतं. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना माझ्याकडं बदामाच्या आकाराचं भोक पडतं, त्यात माणूस गुलाबी होत जातो. व्हॅम्पायर लेण्यात शिरतो तिथं सनई आहे. तो जळून मरतो तिथं वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. नीळ इतकी जास्त झाली होती, की सगळी माणसं कृष्णावतारातली वाटत होती.

पहिला खेळ सासऱ्यांनीच ठरवला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभागृहात, दुपारच्या चहाच्या वेळी. जुने तहसीलदार, शिक्षक, खजिन्यातले, आरोग्य खात्यातले, सगळे आले होते. सासरे पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. आपण काहीतरी केलंय हे या माणसांना कळावं असं त्यांना वाटत होतं. ते बोलले नाहीत, पण शर्टावरून कळत होतं.

लोक हसले. भीतीच्या जागी हसले, करुण जागी जास्त हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या बदामापासूनच मी आशा सोडली होती. रजेच्या अर्जाला मात्र टाळ्या पडल्या, आणि एक जण उठून म्हणाला, बरोबर आहे, मुख्यालय सोडायची परवानगी पण घ्यायला पाहिजे होती. सासऱ्यांनी मागं वळून मान लववली. शेवटी पाकळ्या पडल्या, सिनेमा संपला. मी दिवे लावायला दाराकडं निघालो.

पडद्यावर पुन्हा एक बदाम उमलला आणि त्यात अक्षरं आली: 'काही गमतीचे क्षण'.

लग्नाच्या प्रत्येक फिल्मच्या शेवटी मी हे टाकतो. नवरदेवाचा फेटा पडलेला, मामांना जिलेबीचा ठसका लागलेला. लोकांना ते फार आवडतं. ते टाकताना मला विचार करावा लागत नाही, हात आपोआप टाकतो. हातानं काय टाकलं होतं ते मला एका क्षणात आठवलं. मी लॅपटॉपकडं धावलो. वाटेत कुणाची तरी काठी आडवी होती.

मी जमिनीवरून उठेपर्यंत कवळी टॉवेलात अडकली होती, आणि सभागृहभर, मोठ्या स्पीकरवर, ऐकू आलं ते 'झावईबापू'. छत पडेल असं हसले लोक. मागून कुणीतरी त्याच सुरात ओरडलं, “झावईबापू, चहा सांगा हो.” आणखी हशा. सासरे उठले, चपला घातल्या, आणि कुणाकडं न बघता निघून गेले. बायको माझ्याकडं वळली. “ते ठेवलंस तू?” मी म्हटलं, सवय. ती वडिलांच्या मागं गेली आणि त्या रात्री माहेरीच राहिली.

सकाळी मी दुकान उघडून बसलो होतो. काम काही नव्हतं. लेन्स पुसत होतो. जिन्यावर पावलं वाजली. सासरे वर आले. माझ्या दुकानाची पायरी ते पहिल्यांदा चढत होते. नवऱ्या मुली अल्बम निवडायला बसतात त्या स्टुलावर बसले, दम घेतला, भिंतीवरचे सगळे हसरे फोटो एकदा बघून घेतले.

“तो सिनेमा लावा,” ते म्हणाले. “शेवटचा तुकडा.”

मी लावला. म्हटलं, पुसून टाकतो, आत्ता, तुमच्यासमोर. चुकलं माझं.

“सगळा नाही.” त्यांनी चष्मा लावला. “कवळी पडते ते राहू द्या. माणसाची कवळी पडते. हसू देत.”

“मग?”

“ती पडल्यावर मी जे म्हणतो ते काढा.”

ते पडद्याकडंच बघत होते.

“तो शब्द मी तुम्हाला म्हटला होता,” ते म्हणाले. “हॉलला नव्हता म्हटला.”

मी तेवढ्या जागेचा आवाज काढून टाकला. साधं काम होतं. ते चष्म्यातून शेवटपर्यंत बघत बसले, दोनदा चालवून दाखवायला लावलं, आणि मग म्हणाले, मी मरतो तिथं हे गुलाब कशाला पाडलेत? मी म्हटलं, ते आपोआप पडतात. म्हणाले, आपोआप काही पडत नसतं, कुणीतरी पाडतं, काढा. पाकळ्या काढल्या. मग नीळ. मग शीर्षकातला एक उकार. दुपार झाली. बायको डबा घेऊन आली तेव्हा आम्ही पडद्याला नाकं लावून भांडत होतो, थेट, मध्ये कुणी नाही. तिनं डबा ठेवला आणि न बोलता खाली साड्या बघायला निघून गेली.

सिनेमा आता यूट्यूबवर आहे. फार लोक बघत नाहीत. जे बघतात ते शेवटपर्यंत बहुतेक कवळीसाठीच थांबतात. तिथं सासऱ्यांचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. खाली कुणी ना कुणी विचारतं, दादा आवाज गेलाय का? काका काय म्हणाले तिथं? परवा एकानं लिहिलं, नक्की शिवी दिली असणार म्हाताऱ्यानं, खरं सांगा.

मी लिहिलं, हो. लई मोठी.